तारेला खोचलेल्या पावत्या



आपल्या मुखपत्रातून लागणीचा हंगाम, बेणेप्रक्रिया, खतांचे हप्ते, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांवर आपली भेट होतच असते. या खेपेला विषय जरा निराळा घेतला आहे. उसावर आपण पुष्कळ बोलतो. परंतु हा ऊस पिकवून ज्याने घर उभे केले, त्या बापाविषयी फारसे कुणी बोलत नाही. आईवर ओव्या आहेत, गाणी आहेत. बाप मात्र सात-बाराच्या उताऱ्यावर, सोसायटीच्या खतावणीत आणि कारखान्याच्या सभासद यादीत तेवढा सापडतो. घरात त्याच्याशी आपले बोलणे म्हणजे 'पाणी सुटलं का', 'तोड कधी येतीय', 'बिल जमा झालं का', एवढेच.

शेती खात्याच्या कामानिमित्त गटागटांतून फिरताना असे कष्टाळू आणि कुटुंबवत्सल वडील मी शेकड्यांनी पाहिले. पण परक्याच्या घरची गोष्ट सांगण्यापेक्षा माझ्याच वडिलांचे उदाहरण घेतो, कारण त्यांचा हिशेब मी स्वतः वाचलेला आहे. ते कुणी पुढारी नव्हेत. आपल्यासारखेच साडेतीन एकराचे सभासद आहेत. वाचताना आपल्यापैकी कित्येकांना आपलेच वडील आठवतील, अशी खात्री आहे.

चौथी शिकलेल्या माणसाचे दप्तर

वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. वय पंचाहत्तरीच्या घरात. शिक्षण चौथीपर्यंत. आजोबा लवकर गेले आणि विशीच्या आतच आण्णांच्या गळ्यात संसाराचे जू आले. पाठीवर दोन भाऊ, तीन बहिणी. जमीन म्हणावी तर नदीकाठी एक एकर मळी आणि वर अडीच एकर माळ. माळावर कुसळाशिवाय काही येत नव्हते. १९७२ च्या दुष्काळात आण्णा आणि आमची आजी दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. सुकडी खाऊन दिवस काढले. आजोबांनी दुभती म्हैस विकून कारखान्याचा शेअर घेतला होता, तेवढा एक आधार मागे राहिला होता. त्या अडचणीच्या सालातसुद्धा आण्णांनी तो शेअर मोडण्याचा विचार केला नाही.

पुष्कळ घरांत असते तशी आमच्या सोप्यात तुळईला एक तार आहे. खाली पत्र्याची चकती, वर आकडा. उसाच्या वजनाच्या पावत्या, पंधरवड्याची बिले, सोसायटीचे भरणे, सगळे या तारेला खोचायचे. तार भरली की सुतळीने गठ्ठा बांधून पेटीत टाकायचा. घराची दुरुस्ती काढली तेव्हा हे गठ्ठे खाली उतरले आणि दोन रात्री बसून मी ते वाचून काढले.

पावतीची पुढची बाजू वाचणे हे माझे रोजचेच काम. कुठल्या सालात कुठली जात होती ते एका नजरेत कळते. आण्णांच्या तोंडी या जातींची नावे घरच्या माणसांसारखी असतात. आधी बरीच वर्षे 'सातशे चाळीस', मग थोडी 'सहाशे एकाहत्तर'. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने १९९६ साली को. ८६०३२ शिफारस केल्यावर 'शहाऐंशी बत्तीस', आणि अलीकडे 'दोनशे पासष्ट'. बैलगाडीने ऊस जायचा तेव्हा एका बिलाला गाड्यांच्या दहा-बारा पावत्या. पुढे ट्रॅक्टर-ट्रॉली आली आणि पावत्या कमी झाल्या. सोसायटीची कपात, ठेवीची कपात, शेअर्सची कपात, आणि शेवटी हातात पडलेली रक्कम.

वेळ लागला तो मागची बाजू वाचायला. प्रत्येक बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला आण्णांनी पेन्सिलीने लिहून ठेवले होते, की हा पैसा कुठे गेला. अक्षर चौथीतले, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पण हिशेब पैशापर्यंत. 'धाकट्याची फी.' 'थोरलीचं बाळंतपण.' 'आईचा चष्मा.' 'बैलाचं औषध.' 'मधल्या दाजींचं आपरेशन.' 'सरकी पेंड.' अशी पन्नास वर्षांची ओळ. स्वतःसाठी काय घेतले, ते मी मुद्दाम शोधले. चार-पाच ठिकाणी 'रेडुचे सेल' एवढेच सापडले. आणि ते सेलही सांगली आकाशवाणीवरचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम ऐकायचे!

एका सालात दोन ओझी

आमच्या माळावर पाणी आले ते सहकारी उपसा जलसिंचन योजनेमुळे. पाईपलाईनसाठी भूविकास बँकेचे कर्ज निघाले आणि आमच्या सात-बाराच्या इतर हक्कांत बोजा चढला. सभासदांना हे नव्याने सांगायला नको. कृष्णा-वारणाकाठचे कित्येक माळ याच रीतीने हिरवे झाले, आणि ज्यांनी जमिनी तारण दिल्या त्यांनी मनावर दगड ठेवून त्या दिल्या. योजना चालली नाही तर जमीन गेली, असा तो व्यवहार होता.

नेमके याच वेळी मधले चुलते मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो मिटलाच नाही. चुलते बायकामुलांसह गावी परत आले. मी तेव्हा तीन-चार वर्षांचा, मला त्यातले काही आठवत नाही. मला आठवते ते एवढेच, की घरात एकदम पोरे वाढली आणि खेळायला गडी मिळाले. १९८२-८३ च्या हंगामातली बिले वाचल्यावर समजले की घरातल्या मोठ्यांवर काय प्रसंग होता. एका बिलामागे 'पाईपलाईन हप्ता', त्याच्या खाली 'मुंबईचं खोलीभाडं थकलेलं', पुढच्या बिलामागे 'पोरांची पुस्तकं, सहाजण'. त्या सहांत आम्ही सख्खे कोण आणि चुलत कोण, याचा उल्लेख नाही.

भावकीतल्या काहींनी त्या काळात वाटणीचा विषय काढला होता, असे आई सांगते. वाटण्या झाल्या असत्या तर कर्जाचा हिस्सा चुलत्यांच्या डोक्यावर गेला असता आणि त्यांच्या हाताला तर काम नव्हते. आण्णा म्हणाले, "बोजा उतरल्याबिगार वाटणी न्हाई." बारा वर्षे हप्ते गेले. बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर झाला, आणि मगच तिघा भावांच्या खातेफोडीचा अर्ज गेला. भावांना वाटून दिली ती कर्जमुक्त जमीन. आजही आमच्यात आणि चुलत्यांत बांधाचा तंटा नाही, त्याचे कारण तिथे आहे.

लोकरी माव्याचे साल

२००२ साली महाराष्ट्रात लोकरी मावा आला तेव्हा आपल्यापैकी अनेकांची झोप उडाली होती. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर, वरून काळी काजळी. वाढ खुंटायची, वजन घटायचे, उतारा घटायचा. मी तेव्हा नुकताच शेती मदतनीस म्हणून लागलो होतो आणि दिवसभर माव्याच्या नोंदी घेत फिरत होतो.

आण्णांनी त्या वर्षी अर्धा एकर बेणेमळा तयार केला होता. शहाऐंशी बत्तीसचे बेणे, नऊ-दहा महिन्यांचे, रसरशीत. मळ्याच्या एका कडेला मावा दिसू लागला होता. लांबच्या गावचे दोघे-तिघे बेणे मागायला आले. दरही चांगला देत होते. पैशाची गरज होतीच, कारण धाकटा भाऊ शिकत होता. आण्णांनी त्यांना चहा पाजला, मळा दाखवला, कडेचे पान उलटे करून मावाही दाखवला आणि सांगितले, "माझ्या बेण्यासंगं ह्यो तुमच्या शिवारात जाईल. पुढच्या साली या." सगळा बेणेमळा कारखान्याला घातला. त्या बिलामागे तीनच शब्द आहेत: 'बेणं दिलं नाही.'

पुढे मायक्रोमस आणि डिफा हे मित्रकीटक माव्यावर चांगले काम करतात असे दिसून आले आणि सरसकट फवारण्या थांबल्या. डिफाच्या अळ्या असलेली पाने आपल्या शेतातून काढून आण्णांनी शेजाऱ्यांच्या उसात नेऊन बांधली. रोग दिला नाही, औषध मात्र फुकट वाटले, असे गावात लोक गमतीने म्हणत.

साखरेची वाटणी

सभासदांना सवलतीच्या दराने साखर मिळते. आपल्या घरी ती चहा-फराळाला जाते. आमच्याकडे दिवाळीची साखर आली की आण्णा तागडी काढत. तिघी आत्यांचे तीन वाटे आधी, मग दोघा भावांचे, उरलेले आम्हाला. आत्यांचा वाटा ते स्वतः सायकलवरून पोचवत असत. मोठ्या आत्याच्या घरी त्यांचा स्वतःचा ऊस आहे, त्यांनाही साखर मिळते. मी एकदा म्हटले, "आण्णा, त्यांच्याकडं काय साखरेला तोटा हाय का?" ते म्हणाले, "तोटा नसंल. पण म्हायेरची साखर येगळी असती."

आणखी एक वाटा ते बाजूला ठेवत, तो तोडणीवाल्यांचा. बीडकडची टोळी आमच्या फडात उतरली की पहिल्या दिवशी दर कोयत्यामागे किलोभर साखर जायची. त्यांच्या पोरांना आमच्या सोप्यात दुपारी झोपायची मुभा असायची. "त्यांचीबी पोरं हाईत," एवढेच त्यावर त्यांचे भाष्य. आपल्या घरावर माया करणारी माणसे पुष्कळ असतात. दुसऱ्याच्या घरालाही तीच माया लावणारा माणूस पाहायला मिळाला, हे मी माझे भाग्य समजतो.

पाण्याचा हात

आता थोडे शेतीचे, कारण वडिलांचे कष्ट शेवटी जमिनीत असतात. नदीकाठच्या भारी काळ्या जमिनी आपल्या डोळ्यांदेखत क्षारपड झाल्या. कारण उघड आहे. निचरा कमी आणि पाणी बेसुमार. पाण्याची पातळी वर येते, तिच्याबरोबर क्षार वर येतात, आणि एके काळी एकरी साठ टन देणाऱ्या रानात लव्हाळा माजतो. मग जमिनीखालून निचऱ्याचे पाईप टाकण्याचा खर्च करावा लागतो.

आमची एक एकर मळी आजही चांगली आहे, आणि त्याचे श्रेय माझ्या पदविकेला नाही, आण्णांच्या मुठीला आहे. पाणी देण्याआधी ते सरीच्या बगलेत वीतभर उकरतात, मूठभर माती घेऊन लाडू वळतात. लाडू घट्ट वळला तर पाणी नाही. हातातच फुटला तर पाळी द्यायची. कृषी विद्यालयात हीच परीक्षा आम्हाला पुस्तकातून शिकवली. "लाईट हाय म्हणून पाणी सोडायचं न्हाई. उसाला तहान लागलीया का ते आधी बघायचं," हे त्यांचे सांगणे मी प्रत्येक मेळाव्यात माझ्या तोंडून सांगत असतो. दर तीन-चार वर्षांनी खोडवा मोडला की ताग किंवा धैंचा गाडायचा, आणि अलीकडच्या काळात पाचट पेटवायचे नाही, सरीआड सरीत दाबायचे, हे दोन नेम त्यांनी चुकवले नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर सर्वांच्या लक्षात आहे. आमची मळी आठवडाभर पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर शेंडे कुजलेले, कांड्यांना मुळ्या सुटलेल्या, डोळे फुटून पांगशा आलेल्या. आण्णा बांधावर उभे राहिले, पाच-दहा मिनिटे काही बोलले नाहीत. मग चर काढायला कुदळ मागवली. रानातले साचलेले पाणी आधी बाहेर काढायचे, रडायचे नंतर. वय तेव्हा सत्तरीला टेकलेले होते.

हक्कसोड नको

एक नाजूक विषय मुद्दाम लिहितो. वडिलार्जित जमिनीत मुलींना मुलाइतकाच हक्क आहे. २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने तो देशभर मिळाला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानेही तो स्पष्ट केला. तरीपण आपल्याकडे बहिणीकडून हक्कसोडीवर सही घेण्याची रीत काही गेलेली नाही. सही देते म्हणून बहीण चांगली, मागते म्हणून वाईट.

काही वर्षांपूर्वी आण्णांनी आम्हा दोघा भावांना आणि बहिणीला एकत्र बसवून सांगितले, "माझ्यामागं हिच्याकडं सही मागायला जायचं न्हाई. काय द्यायचं ते मी जितेपणी देतो." आणि मळीतली दहा गुंठे तिच्या नावावर केली. सगळ्यांत चांगली जमीन. त्यावर आमच्या घरात अजिबात कुरकुर झाली नाही असे मी म्हणणार नाही. दहा गुंठे मळी म्हणजे काय, ते आपणास ठाऊक आहे. पण ज्या माणसाने स्वतःच्या बहिणींना पन्नास वर्षे साखर पोचवली, त्याच्याशी वाद कुठल्या तोंडाने घालायचा? बहीण आज त्या दहा गुंठ्यांत भाजीपाला करते आणि रोज सकाळी आण्णांना भेटते. हा त्यातला खरा फायदा.

कारखान्याच्या शेअरला वारस म्हणून त्यांनी आईचे नाव दिले आहे. "तिनं भांगललं नसतं तर ऊस कुठला?" असे ते म्हणाले.

आपण काय करावे

दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या पाळीला पाटात पाय घसरून आण्णांचे मनगट मोडले. त्यांनी ते टॉवेलने गळ्यात बांधले आणि पाळी पुरी करूनच घरी आले, कारण पाळी सोडली तर पुढचा नंबर आठवड्याने. त्यानंतर आम्ही भावांनी बसून ठरवले आणि योजनेचे पाणी विहिरीत घेऊन तीनही एकराला ठिबक केले, मोटारीला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला. त्यांची रात्रपाळी संपली. पहिले पंधरा दिवस ते तरीही रात्री उठून दारात बसत. आता झोपतात.

या अनुभवावरून सभासद बंधू-भगिनींना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, साठी उलटलेल्या वडिलांना रात्रीच्या पाण्याला पाठवू नका. साप आहेत, बिबट्याची भीती आहे, आणि अंधारात सरीत पडलेला माणूस सकाळपर्यंत कुणाला दिसत नाही. ठिबकासाठी शासनाचे अनुदान असते; त्याच्या अर्जाबाबत आपल्या गट कार्यालयात चौकशी करावी.

दुसरी, शेअरची वारस नोंद तपासा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० नुसार सभासदाच्या पश्चात त्याने नामनिर्देशित केलेल्या व्यक्तीच्या नावे शेअर वर्ग होतो. नोंद नसेल तर वारसांना कागदपत्रांसाठी हेलपाटे पडतात. ही नोंद वडिलांच्या इच्छेने आणि त्यांच्या हयातीत व्हावी. त्यांच्यावर दडपण आणून नव्हे.

तिसरी, वडिलांचे शेतीज्ञान लिहून ठेवा. कुठल्या कोपऱ्यात पाणी साचते, कुठे चुनखडी वर आहे, कुठल्या साली कुठली जात पडली, हे माती परीक्षणाच्या कार्डावर नसते. एक वही घ्या आणि त्यांना बांधाबांधाने फिरवा.

चौथी गोष्ट पैशाची नाही. त्यांच्याशी उसाखेरीज दुसरे काहीतरी बोला. त्यांची सालातली एखादी अडचण, त्यांचे भाऊ, त्यांची शाळा, काहीही. पावत्या वाचल्यावर मी आण्णांना १९८२ चे विचारले. सुरुवातीला "काय न्हाई, चाललं तसंच" म्हणाले. मग दीड तास बोलले. चुलतेही ऐकत बसले होते. त्यांनी डोळे पुसले आणि आईला चहा ठेवायला सांगितला.

आता बिल थेट बँकेत जमा होते, वजन मोबाईलवर येते, तारेला खोचायला कागदच येत नाही. आण्णा म्हणून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहितात. आपल्या घरीही असा हिशेब कुठेतरी असेल, कागदावर नसेल तर आईच्या आठवणीत असेल. तो एकदा वडील समोर असताना वाचून घ्यावा. आणि यंदाचे बिल जमा झाले की त्यात एक बाब त्यांच्या स्वतःसाठी धरावी: चष्मा म्हणा, पंढरपूर म्हणा, नाहीतर रेडिओ म्हणा. ते "नगं" म्हणतील. तरी धरावी.